साताऱ्याच्या गावात महिलांसोबत काम सुरू करताना : नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी

एखाद्या नव्या प्राध्यापकाकडे राष्ट्रीय सेवा योजनेचं किंवा विस्तार विभागाचं काम आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "महिला सक्षमीकरणाचा कार्यक्रम घ्यायचाय, पाहुणे म्हणून कुणाला बोलावू?" मग बॅनर छापला जातो, नारळ फुटतो, भाषण होतं, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतात आणि तीनच्या एसटीने सगळे परत. सातारा जिल्ह्यात असा कार्यक्रम झाला नाही असं गाव शोधावं लागेल. या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय. पाहुणा सगळ्यात शेवटी ठरवा. आधी एक गाव धरा, त्या गावातलं एकच काम धरा आणि दोन वर्षं ते सोडू नका. तुम्ही नसताना त्या बायका काय करू शकतात, यावर कामाचं माप घ्या.

पुढचं सगळं साधारण त्या दोन वर्षांच्या क्रमाने लिहिलं आहे.

कॉलेजात करायची तयारी

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, हे तुम्हाला माहीत असेलच. १२० तास म्हणजे महिन्याला दहा. हे दहा तास परिसर स्वच्छता, रॅली आणि दिनविशेष यांतच संपवायचे की महिन्यातून दोन संध्याकाळी एकाच गावात द्यायचे, हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवावं लागतं. दिवाळीनंतर ठरवायला गेलात तर तास आधीच खर्ची पडलेले असतात.

उन्नत भारत अभियानात, म्हणजे कॉलेजांना गावांशी जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उपक्रमात, तुमची संस्था असेल तर पाच गावं दत्तक घेतलेली असतील. पाचही गावं कागदावर राहू द्यात, महिलांचं काम मात्र एका गावात सुरू करा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला सामुदायिक सहभाग आणि क्षेत्र प्रकल्पाचे क्रेडिट आलेत, त्यामुळे राष्ट्रीय सेवा योजनेत नसलेली मुलंही आता मिळतात. त्यांच्यातून वाणिज्य शाखेची चार-पाच मुलं-मुली आवर्जून घ्या. का, ते पुढे येईलच.

सोबत एक तरी महिला सहकारी हवीच. मुलींच्या पालकांची लेखी संमती, रात्री परत आणण्याची गाडी आणि गावात स्वच्छतागृह कुठे आहे याची माहिती, एवढं झाल्याशिवाय पहिली भेटसुद्धा ठरवू नका. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, हे प्रत्येक स्वयंसेवक मुलीला नावानिशी सांगा. दुसऱ्या बायकांच्या हक्कांचं बोलायला निघालेल्या मुलीला स्वतःचा हक्क कुठे मागायचा, हे आधी माहीत असायला हवं.

आणि एक गोष्ट मुलांना निघण्यापूर्वी जरूर सांगा. हा जिल्हा या कामाला नवा नाही. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आपल्यातली कित्येक मुलं ज्या कॉलेजात शिकतात, ती त्याच संस्थेची आहेत. आपण उपकार करायला चाललो नाही, हे त्यांच्या मनात उतरलं पाहिजे.

गाव निवडणं आणि पहिल्या ओळखी

ज्या गावातून तुमच्या कॉलेजला मुली येतात, असं गाव घ्या. त्या गावची मुलगी सोबत असेल तर "ह्या आमच्या मॅडम" एवढ्यावर दारं उघडतात. अंतर असं हवं की रात्री साडेनऊला बैठक संपली तरी मुलं वेळेत घरी पोचतील.

साताऱ्यात गावागावाचं दुखणं निराळं असतं. कराडकडच्या उसाच्या पट्ट्यात बायकांना रोजाचं काम असतं, हातात वेळ नसतो. माण-खटावात पाण्याची ओढ आणि शेळ्या-मेंढ्या. पाटण-जावळीच्या डोंगरकपारीत घरटी एक पुरुष मुंबईला. माथाडी कामगारांत आपल्या जिल्ह्याची माणसं किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. अशा घरात शेत बाई बघते, डेअरीला दूध ती घालते, पोरांची शाळा ती बघते आणि सात-बारा मात्र सासऱ्यांच्या नाहीतर मुंबईतल्या नवऱ्याच्या नावावर. तुमचा कार्यक्रम या घडीला धरून असायला हवा.

गावात गेल्यावर सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि उमेद अभियानाच्या (गावोगावी महिला बचत गट चालवणारं शासनाचं अभियान) सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती, यांना भेटा. महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे सरपंच बाई असण्याची शक्यता चांगलीच. कधी कधी त्यांच्या घरी गेल्यावर बोलतात मिस्टर, आणि सरपंच आत चहा ठेवतात. तिथे घाई करू नका, वादही नको. ताई बाहेर येईपर्यंत थांबा, त्यांना बसायला सांगा आणि प्रश्न त्यांच्याकडे बघून विचारा. दोन-तीन भेटींत फरक पडतो.

मुलांना बोलण्याची रीत शिकवावी लागते. मावशी, काकू, वहिनी, आक्का, ज्याला जे शोभेल ते. "लाभार्थी" हा शब्द गावात उच्चारूच नये.

वेळ कोणती

सकाळी अकराच्या कार्यक्रमाला कोण येतं, नीट बघा. ज्यांना रोजावर जावं लागत नाही त्या येतात. भांगलणीला गेलेली टोळी त्या वेळी रानात असते. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम, त्या सोडून सगळ्या हजर.

पहिल्या महिन्यात मुलींना एकच काम द्या. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या काही बायकांबरोबर, त्यांच्या परवानगीने, दिवसभर राहायचं आणि पहाटे उठल्यापासून निजेपर्यंतची कामं लिहून काढायची. पाणी, शेण, धार, डेअरी, डबे, रान, परत धार, भाकरी. हा कागद झाला की बैठकीची वेळ आपोआप ठरते. बहुतेक गावांत ती रात्री आठनंतरची निघते, संध्याकाळचं दूध घालून आणि जेवणं उरकून. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, गावची जत्रा टाळा. खटावात काम असेल तर पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे दिवस सोडूनच शिबिराची तारीख घ्या. ती यात्रा नेमकी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, आपल्या हिवाळी शिबिरांच्या दिवसांत येते.

जागा शक्यतो सगळ्यांना येता येईल अशी. एखाद्या वाड्यात बैठक ठेवली तर दलित वस्तीतल्या बायका येणार नाहीत, आणि देवळात ठेवली तर पाळीच्या दिवसांत काहीजणी घरीच राहतील. अंगणवाडी किंवा शाळेचा वर्ग चांगला.

हळदी-कुंकवाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. जानेवारीच्या शिबिरात महिला जमवायचा सोपा मार्ग म्हणून ते ठेवतात. गर्दी होतेही. पण गावातल्या विधवा बायका त्या दिवशी दाराबाहेर पडत नाहीत, आणि सर्वांत जास्त गरज नेमकी त्यांना असते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनी त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. ठेवायचंच असेल तर आमंत्रण सगळ्यांना, एकल महिलांना घरी जाऊन, आणि वाण-कुंकू प्रत्येकीला. एवढं जमणार नसेल तर हळदी-कुंकू ठेवूच नका, साधी बैठक ठेवा.

कोणतं काम धरायचं

पहिल्या दोन-तीन बैठकांत फक्त ऐका. बायका लगेच "आम्हाला रोजगार द्या" म्हणतील. आपण कॉलेज आहोत, रोजगार देऊ शकत नाही, हे तिथल्या तिथे स्पष्ट सांगा. शिवण-मशिन, पापड-लोणचं असली प्रशिक्षणं सुचतात, पण माल कुठे विकायचा याचं उत्तर हातात नसेल तर त्यात पडू नये. कॉलेजकडे जे खरोखर आहे ते म्हणजे लिहिता-वाचता येणारी, हिशोब येणारी, मोबाईल हाताळणारी तरुण मुलं. त्यातून होणारी कामं धरा.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम म्हणजे बचत गटाचा हिशोब.

नवे गट काढू नका. गावात उमेदचे किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे माविमचे गट असतातच. पण पुष्कळ गटांत वह्या एकाच ताईकडे असतात, तीच लिहिते, आणि ती लग्नकार्याला गेली की हिशोब थांबतो. उमेदने घालून दिलेली पंचसूत्री अशी : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशोब. पाचवं सूत्र ढिलं पडलं की पहिली चार टिकत नाहीत, कारण पैशांबद्दल शंका आली की बायका बैठकीलाच येईनाशा होतात. इथे वाणिज्यची मुलं लागतात. त्यांनी वह्या लिहून द्यायच्या नाहीत. प्रत्येक बैठकीत गटातल्या दोन वेगळ्या बायकांना रोखवही आणि कर्जवही वाचून दाखवायची आणि पुढच्या वेळी त्यांच्याकडून वाचून घ्यायची. सहा महिन्यांत गटातल्या प्रत्येकीला आपली बचत किती, कर्ज किती आणि गटाची शिल्लक किती, हे तोंडपाठ सांगता आलं पाहिजे.

व्याजाचा हिशोब खडूने फळ्यावर मांडा. समजा ३०,००० रुपये कर्ज, बारा महिने. गटात दरमहा शेकडा एक रुपया, घटत्या शिल्लकेवर. मुद्दल महिन्याला २,५०० आणि पहिल्या महिन्याचं व्याज ३००, म्हणजे हप्ता २,८००. पुढच्या महिन्यात शिल्लक २७,५००, व्याज २७५. असं दर महिन्याला पंचवीस रुपयांनी उतरत शेवटचा हप्ता २,५२५ चा, आणि वर्षाचं एकूण व्याज १,९५०. आता तेच ३०,००० दारात येणाऱ्या कुणाकडून "बारा टक्के फ्लॅट"ने, म्हणजे फेड झाली तरी व्याज मूळ रकमेवरच, असे घेतले तर हप्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत २,८००, आणि व्याज ३,६००. टक्का दोन्हीकडे बाराच ऐकू येतो, पहिला हप्ताही सारखाच. फळ्यावर दोन रकाने शेजारी-शेजारी लिहा आणि सातव्या-आठव्या महिन्यापाशी थांबा, बायका स्वतःच फरक सांगतात.

गावात बायका बचत गट आणि "फायनान्स" दोन्हींना गटच म्हणतात, कारण फायनान्सवालेही बायकांचा गट बसवूनच कर्ज देतात. हा घोळ आधी सोडवा. एकेका घरात तीन-तीन फायनान्सचे हप्ते चालू असतात, हे बाई तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तेही एकटीला गाठल्यावर सांगते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्मवित्त कर्ज देणाऱ्याने कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जाचं कार्ड द्यावं लागतं, त्यावर वर्षाचा व्याजदर असावा लागतो आणि घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुलींनी ते कार्ड बाईबरोबर बसून वाचावं. वसुलीला येणाऱ्या माणसाशी भांडायला मुलांनी जाऊ नये. तक्रार असेल तर बाईच्या नावाने लेखी करावी.

"अडाणी बायकांना हे जमेल का" अशी शंका एखादा सहकारी काढेल. त्याला म्हसवडला न्या. माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवाना पहिल्या खेपेला नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता येत नव्हतं. त्या रिझर्व्ह बँकेकडे पुन्हा गेल्या, आम्हाला व्याज विचारा, तोंडी सांगतो म्हणाल्या, आणि १९९७ साली बँक उभी राहिली. चेतना सिन्हांच्या पुढाकाराने माण तालुक्यात उभं राहिलेलं हे काम आपल्याच जिल्ह्यात आहे. शैक्षणिक सहल काढायचीच असेल तर तिकडे काढा, आणि गटातल्या बायकांनाही गाडीत जागा ठेवा.

बँक, अंगठा आणि मोबाईल

२०२४ पासून गावात गेल्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "लाडक्या बहिणीचे पैसे कुठल्या खात्यावर आलेत बघ की." महिन्याचे १,५०० रुपये स्वतःच्या खात्यावर येऊ लागल्याने कित्येक बायका पहिल्यांदा बँकेकडे वळल्या. ही संधी दवडू नका.

मुलींनी बाईच्या हातातला मोबाईल स्वतःच्या हातात घ्यायचा नाही, हा नियम करा. बाईच्या बोटाने बटण दाबलं गेलं पाहिजे, वेळ लागला तरी. शिकवायच्या गोष्टी थोड्याच : बँकेचा मेसेज ओळखणं, जमा आणि नावे यांतला फरक, ओटीपी आणि पिन कुणालाही, आपल्या मुलीच्या वयाच्या स्वयंसेविकेलासुद्धा, न सांगणं.

ग्राहक सेवा केंद्रात, म्हणजे बँकेच्या गावातल्या छोट्या केंद्रात, आधारवर पैसे काढताना अंगठा लागत नाही, ही मोठी अडचण आहे. भांगलण, धार, भांडी यांनी बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठ्याचाच हट्ट धरायची गरज नाही, दहापैकी कोणतंही बोट चालतं, हे सांगा. तरीही नाही जमलं तर आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यायला घेऊन जा. दुसऱ्यांदा बोट ठेवायला सांगितलं तर आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागायची, आणि पैसे मोजल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. एक मुलगी आणि दोन बायका मिळून केंद्रावर गेल्या आणि बाईने "पावती द्या" म्हटलं, की त्या दिवशीचं काम झालं.

नावं कागदावर आणणं

हे काम दुसऱ्या वर्षी. पहिल्याच वर्षी सात-बाराला हात घातलात तर घरोघरी "कॉलेजवाले भांडणं लावायला आलेत" असं होईल, आणि ते दुरुस्त करता येत नाही.

सुरुवात घरापासून करा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदीच्या उताऱ्याला, नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागू शकतं, आणि त्याला विरोध कमी होतो. नंतर लक्ष्मी मुक्ती योजना : नवरा स्वखुशीने अर्ज करतो आणि सात-बारावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून येतं. विधवांच्या बाबतीत वारस नोंद झाली आहे का, हे आधी फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलांचा उतारा, काढून बघा. नवरा जाऊन वर्षं लोटली तरी नोंद नसते. हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी ते वाचून घ्यायचं, एवढं जरी गावातल्या लेकी-सुनांच्या मनात बसलं तरी पुष्कळ. कायद्याचा सल्ला मुलांनी द्यायचा नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कॉलेजने समितीला पत्र देऊन गावात शिबिर मागावं.

याच काळात महिला सभेची तयारी करता येते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा कायदा आहे, पण अनेकदा ती रजिस्टर घरोघर फिरवून उरकली जाते. एकच मागणी ठरवा, उदाहरणार्थ वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर दिवे. ती एका बाईने उभं राहून मांडायची, ठरावात आली का ते बघायचं आणि ठरावाची नक्कल मागायची. भाषण लिहून देऊ नका, तिच्या शब्दांत येऊ द्या.

मारहाण, बालविवाह कानावर आले तर

येणारच. रात्रीची बैठक संपल्यावर एखादी मागे रेंगाळते. ऐकणाऱ्या मुलीने तीन गोष्टी पाळाव्यात : बैठकीत किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलायचं नाही, "मी बघते" असं वचन द्यायचं नाही, आणि त्याच रात्री महिला सहकाऱ्याला सांगायचं. पुढचं बाईच्या इच्छेने. १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२, जिल्ह्याच्या ठिकाणी हिंसा सोसणाऱ्या महिलांना मदत देणारं सखी केंद्र, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. हे नंबर पत्रकावर छापून वाटू नका. घरात पत्रक सापडलं तर तिच्यावरच बेतेल. तोंडपाठ करून घ्या.

मुलीचं लग्न अठराच्या आत ठरल्याचं कळलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. ती मुलगी तुमच्याच कॉलेजच्या अकरावी-बारावीत असू शकते, तेव्हा हजेरीपटाकडेही लक्ष असू द्या.

सात दिवसांचं शिबिर

त्याच गावात घ्या, पण नवीन काही सुरू करू नका. वर्षभर चाललेलं काम दाट करायला हे दिवस वापरा. मुलं मुक्कामाला असल्याने रात्री उशिरापर्यंत बसता येतं, तेव्हा रोज एक वस्ती घ्या. बायका बैठकीला बसल्या असताना त्यांची लहान मुलं सांभाळायला स्वयंसेवक मुलगे ठेवा. पोरगं मांडीवर घेतलेला कॉलेजचा मुलगा गावाने बघितला पाहिजे. पुरुषांसाठी एक रात्र वेगळी हवी, तीत व्याजाचा तोच हिशोब त्यांनाही दाखवा. पाहुणा बोलवायचा तर आता. तोही गटातल्या बायकांनी सुचवलेला : बँकेचे शाखाधिकारी, तलाठी, पशुवैद्यकीय डॉक्टर. त्यांना भाषण करू द्यायचं नाही, बायकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसवायचं.

फाइल आणि फोटो

नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, जिओटॅग फोटो, हजेरी, अहवाल लागतात, ते वेळच्या वेळी करा. फोटो काढण्यापूर्वी विचारा. कर्ज, मारहाण, एकल महिला यांच्या बैठकांचे फोटो काढूच नका, त्याऐवजी बैठकीच्या ठरावाची प्रत लावा. फाइलबरोबर एक साधी वही ठेवा. तीत संख्या कमी आणि गोष्टी नेमक्या लिहा : कुणाला स्वतःची वही वाचता येते, कोण एकटी बँकेत जाऊन आली, कुणाचं नाव नमुना आठला लागलं, कोण बैठकीला यायची थांबली आणि का. ती शेवटची ओळ सगळ्यात उपयोगी पडते.

जबाबदारी दुसऱ्याकडे जाताना

कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत तीन वर्षांची, फार तर आणखी एक. मुलं तर दोन वर्षांत जातात. म्हणून हस्तांतराची तयारी दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच करा. गटाच्या बायकांना सांगा की आम्ही अमुक महिन्यानंतर दर पंधरवड्याला येणार नाही, महिन्यातून एकदा येऊ, नंतर बोलावलं तर येऊ. वही नव्या अधिकाऱ्याच्या हाती द्या. अपुरी राहिलेली प्रकरणं, कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय, कुणाच्या घरी काय बोलू नये, हे तोंडी सांगा. नव्या-जुन्या अधिकाऱ्यांनी पहिली भेट एकत्र करावी, रात्री आठच्या बैठकीला, आणि त्या दिवशी हिशोब गटातल्या बाईनेच वाचावा.